सायीचं दूध आणि माझा बेडूक

“घोट्यापर्यंत! अरे, घोट्यापर्यंत होता बर्फ, घोट्यापर्यंत!”

तू ओरडत होतास. एका हातात बटाटेवड्याची बशी, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि आवाज असा की स्टॅनमोरच्या तुझ्या त्या शिस्तीच्या गल्लीत समोरच्या बाईंनी पडदा सरकवून पाहिलं. मी बिचारा एवढंच सांगत होतो की या देशातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याला टेकला होता आणि मी त्यावरून चालत चालत थेट खिडकीतून ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलो होतो. सर्जन म्हणाले, गुड मॉर्निंग डॉक्टर, येताना खिडकी लावून घ्या.

“दुसरा मजला म्हणे! मी शेजारच्या खोलीत राहायचो याच्या. मोजे ओले झाले आणि हा आठवडाभर शिंकत होता, एवढीच त्या बर्फाची कर्तबगारी!”

केतकी त्या दिवशी पहिल्यांदाच तुमच्याकडे आली होती. मेडनहेडच्या सॉफ्टवेअर कंपनीतली, आपल्या मराठी मंडळाची नवी सेक्रेटरी. ती घाबरून माझ्या कानाशी आली. “काका, तुमचं काही जुनं भांडण आहे का?”

स्वयंपाकघरातून नलिनीवहिनींचा आवाज आला, “भांडण नाही गं. कार्यक्रम आहे. दर महिन्याला असतो.”

माधव, खरंच तो कार्यक्रमच होता. मी भूल देणारा डॉक्टर, तू रक्त-लघवीच्या नमुन्यांचा. निवृत्तीनंतरही आपले धंदे सुटले नाहीत. मी दिवाणखान्यांतून लोकांना गुंगी देत फिरायचो आणि तू मागोमाग येऊन रिपोर्ट द्यायचास. मला तू ‘भुल्या’ म्हणायचास, तेही चारचौघांत, माझ्या सुनेच्या माहेरच्या माणसांसमोरसुद्धा. लोक म्हणायचे माधवराव याला बोलू देत नाहीत. अरे, तू होतास म्हणून तर मी बोलत होतो! मी मासा हत्तीएवढा करायचो, कारण मला ठाऊक होतं की पुढच्या वाक्याला तू तो ओरडून बोंबलाएवढा करणार आहेस. आपल्या दोघांच्या मधे कुठेतरी खरा मासा असायचा आणि लोक तोच घेऊन घरी जायचे.

हे मला तू असताना कळलं नव्हतं. आता कळून काय उपयोग, असं तू म्हणशील. म्हण की. तेवढं तरी म्हण.

मग तुला ते गृहस्थ सापडले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला एक केमिस्ट, मेडनहेडच्या पलीकडच्या एका लहानशा गावातला. पुढे औषधांचं दुकान, मागे भांडी घासायच्या खोलीत त्याची प्रयोगशाळा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडी ते कधीच बरोबर बसलं नाही, आणि तू दर वेळी दुखावला जायचास. मी त्याला ‘भेसळसाहेब’ म्हणायचो. तू मात्र कायम ‘ते गृहस्थ’. सासऱ्यांविषयी बोलावं तसं.

ते गृहस्थ सकाळी टोपी घालून बाजारात जायचे, पाव, चहा, लोणचं, दूध, मुलांच्या गोळ्या असं सगळं विकत घ्यायचे, मागच्या खोलीत नेऊन तपासायचे आणि निकाल दुकानाच्या काचेवर लावायचे. पाव पांढरा दिसावा म्हणून पिठात तुरटी. वापरलेली चहाची पत्ती वाळवून पुन्हा विकलेली. लोणचं हिरवंगार राहावं म्हणून तांब्याचा क्षार. आणि लहान मुलांच्या लाल गोळ्यांत चक्क शेंदूर. “शेंदूर रे! शिसं! पोरं चोखतायत!” असं तू सांगायचास तेव्हा तुझा चेहरा असा व्हायचा की जणू त्या पोरांचे रिपोर्ट आजच तुझ्या टेबलावर आलेत.

दोन-तीन वर्षं तू त्यांच्या मागे होतास. लायब्ररी, चर्चच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं. मला गाडी चालवायला घेऊन जायचास आणि परतीच्या वाटेवर सगळं सांगायचास. कागदावर मात्र काही उतरवलं नाहीस. जन्मभर दुसऱ्यांच्या रिपोर्टांवर सह्या केल्यास, पण स्वतःचं एक पान लिहायचं म्हटलं की “अजून दोन गोष्टी तपासायच्यात.” आपला सगळ्यांत मोठा वाद त्याच रस्त्यावर झाला. मी म्हणालो होतो, भेसळसाहेबाच्या मागे पाव भाजणारे लाटणी घेऊन धावले असं सांगू या, मजा येईल. तू म्हणालास, “धावले नाहीत. पाववाल्यांनी त्यांना पाव विकणं बंद केलं. ते त्याहून वाईट.”

“अरे पण मेलेल्या माणसाचं माझ्या थापेने काय बिघडतं?”

“त्याला उलटून बोलता येत नाही, हे बिघडतं.”

मी म्हणालो, हा काही मुद्दा झाला नाही. तू म्हणालास, विचार कर. मी रेडिओ लावला. तो वाद तसाच राहिला.

आणि मग तुझाच आवाज गेला. घशाची गाठ, ऑपरेशन, स्वरयंत्र काढलं. तू गाणारा असतास तर लोक हळहळले असते. तू ओरडणारा, म्हणून मंडळात एकदोघे “आता भुलेश्वर मोकाट सुटणार” असंही हसले. मीही हसलो त्यांच्याबरोबर. हेही तुला सांगायचं राहिलं होतं, घे.

तुझ्या हातात एक पांढरा बोर्ड आला, मुलांचा असतो तसा, दोरीला मार्कर बांधलेला. मंडळात तुझं भाषण ठरलं होतं. ‘ते गृहस्थ’ या विषयावर, एजवेअरच्या शाळेच्या हॉलमध्ये. केतकीने ते रद्द करू का विचारलं, तेव्हा तू बोर्डावर लिहिलंस: “भुल्या बोलेल.” वहिनींनी वाचून माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.” तू खाली आणखी एक ओळ लिहिलीस. “बाकी काहीही गाळ. दूधवाली गाळू नकोस.”

ज्यांना माझ्या तोंडून दूधवालीची गोष्ट वेगळी ऐकायला मिळाली, त्यांच्यासाठी ती इथे सांगतो. जशी तू सांगितलीस तशी. निदान माझा तसा प्रयत्न आहे.

त्या गावात एक विधवा बाई दूध विकायची. तिच्या दोन-तीन गाई होत्या. ते गृहस्थ दूध तपासायचे लॅक्टोमीटरने. काचेची नळी दुधात सोडायची, किती बुडते ते पाहायचं. दुधात पाणी असेल तर दूध हलकं होतं आणि नळी जास्त बुडते. या बाईच्या दुधात नळी चांगलीच बुडाली. निकाल काचेवर लागला: पाणी. गिऱ्हाइकं तुटली, तिला एक गाय विकावी लागली. पुढे कधीतरी ते गृहस्थ प्रयोग करत असताना त्यांच्या लक्षात आलं की साय पाण्याहूनही हलकी असते. ज्या दुधात साय भरपूर, तेही नळीला पाणी घातल्यासारखंच दिसतं. त्यांनी त्या बाईचं दूध पुन्हा आणवलं आणि रात्रभर ठेवून साय मोजली. गावातलं सगळ्यांत चांगलं दूध तिचं होतं. इतकं चांगलं की यंत्र फसलं.

काचेवरचा कागद बदलून त्यांचं काम भागलं असतं. ते बाजाराच्या दिवशी तिच्या गाडीशेजारी जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला, टोपी काढून, स्वतःचं नाव घेऊन सांगत राहिले की हे दूध शुद्ध आहे, चूक माझी होती. बाजार उठेपर्यंत. बाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पुढच्या बाजाराला ते पुन्हा गेले.

गाडीत हे सांगताना तुझा आवाज बसला होता. तेव्हा आपल्याला वाटलं, सर्दी असेल. “भेसळ पकडणारे पुष्कळ असतात,” तू म्हणालास. “त्याच चौकात परत जाणारा मला हा एकटाच भेटला.”

एकटा नव्हे रे. दुसरा मी डोळ्यांनी पाहिला आहे. तुझ्या लॅबमधून एकदा दोन पेशंटांचे नमुने उलटसुलट झाले होते आणि एका माणसाचं ऑपरेशन उगाच लांबणीवर पडलं होतं. फोन करून सांगता आलं असतं. तू चालत थिएटरमध्ये आलास, गाऊन चढवून, आणि म्हणालास, “रिपोर्ट आमच्याकडून चुकला. जबाबदारी माझी.” आमचे सर्जन असे भडकले की वरचे दिवे हलले. (बरं, नाही हलले.) तू मान खाली न घालता सगळं ऐकून घेतलंस. मी पेशंटच्या डोक्याशी, पडद्यामागे बसलो होतो. तू माझा जिवलग मित्र, आणि मी मशीनच्या आकड्यांत असं डोकं घातलं की जणू त्या खोलीत भूल दिलेले दोघे जण होते.

तर भाषण. सुरुवात मी अगदी सोवळ्यात केली. तुरटी, तांबं, शेंदूर, सगळं तू सांगितलंस तसं. आणि हॉल थंड पडला. मागच्या रांगेत नोकिया फोन चमकायला लागले. मुलं सामोशांच्या टेबलाकडे सरकली. एक गृहस्थ माझ्या डोळ्यांदेखत घोरले, आणि हे मी भूल देणारा म्हणून अभिमानाने सांगत नाही. मला घाम फुटला. मग मी पहिलं लाटणं काढलं. पाव भाजणारे धावले. हॉल हसला. मी पहिल्या रांगेत तुझ्याकडे पाहिलं. जन्माची सवय, माझं वाक्य संपलं की तुझं सुरू होणार. तू बसला होतास, बोर्ड मांडीवर पालथा.

मग लाटण्यांच्या मागून कुत्रे आले. मग भेसळसाहेब कालव्यात उडी मारून पोहत निसटले. राणीने निरोप धाडला की आमचाही चहा तपासा. दर वेळी मी थांबत होतो, माधव. दर वेळी तुझ्यासाठी जागा सोडत होतो. आणि ती जागा रिकामी राहिली की घाबरून त्याहून मोठी थाप घालून ती बुजवत होतो. तुला आवाज नाही हे माहीत असलेला त्या हॉलमधला सगळ्यांत जाणकार डॉक्टर मीच होतो.

आणि मग दूधवाली आली. मी तिला गाळली नाही. तुझा शब्द पाळला! मी तिला घागऱ्याखाली पाण्याची पिशवी बांधली. भेसळसाहेबांनी भर बाजारात तिचं भांडं उपडं केलं आणि त्यातून, लोकहो, एक जिवंत बेडूक उडी मारून बाहेर आला! हॉल कोसळला. लोक खुर्च्यांवरून पडले. या खेपेला खरंच एक जण पडला, केतकीचा नवरा, विचार तिला. टाळ्या थांबेनात.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. बोर्डही उचलला नाहीस. मार्करचं टोपण काढून पुन्हा लावलंस, तेवढं मी पाहिलं.

परत जाताना गाडीत वहिनी मागे झोपल्या होत्या. मी बडबडत होतो. तू सिग्नलला बोर्ड वर केलास आणि मी वाक्य अर्धंच सोडलं. त्यावर लिहिलं होतं: “डावीकडे घे.”

बाकी काही नाही. घरापर्यंत फक्त रस्ता सांगितलास.

त्या बेडकाने मग जे केलं ते मला फुगवून सांगायची गरज नाही. रविवारच्या मराठी शाळेने त्याचं नाटुकलं बसवलं. हिरव्या कापडातला एक गुबगुबीत बेडूक स्टेजभर उड्या मारत होता, दूधवालीला पोरं “चोर, चोर” म्हणत होती, आणि प्रमुख पाहुणा कोण? हार घालून मी! तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतास. तुझी इथेच वाढलेली लेक अनुजा दुसऱ्या दिवशी म्हणाली, “काका, मी बाबाला फोटो दाखवली. ही दूधवाली, ही फ्रॉग, सगळं. त्याने खूप वेळ बघितला.” मी विचारलं, हसला का? ती म्हणाली, “बाबा कसा हसतो आता, ते मला कळत नाही ना.”

मी रोज तुझ्याकडे यायचो. रोज लिफ्टमध्ये ठरवायचो की आज बोलायचं. आणि तुझ्या पलंगाशी बसलो की नर्सांना हसवायचो. त्यांना तो दुसरा मजला, ती खिडकी, सगळं सांगितलं. तू ऐकायचास. एकदा तर तू बोर्ड पुढे ओढून काही लिहायला घेतलंस आणि मी, इतका भ्यालो होतो मी, की म्हणालो, “आराम कर रे, आराम कर,” आणि तुझ्या हातातून मार्कर घेऊन कपाटावर ठेवला. प्रेमाने. सगळ्यांना ते प्रेमच वाटलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत बेमालूम थाप, आणि तिला एकही शब्द लागला नाही.

तू काय लिहिणार होतास? कदाचित पाणी हवं असेल. कदाचित खिडकी लावायची असेल. मी स्वतःला असं सांगतो.

गेल्या रविवारी शोकसभा झाली. हॉल तोच. केतकी माइक घेऊन माझ्याकडे आली, तिचे डोळे सुजलेले. “काका, तो बेडकाचा किस्सा सांगा ना. माधवकाकांनी किती मनापासून शोधला होता तो.” शोधला होता! तुझ्या नावावर जमा झाला तो बेडूक, बघ. जन्मभर एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे होऊ दिलं नाहीस, आणि तुझ्या खात्यात हे.

मी उठलो. म्हणालो, बेडूक नव्हता. लोक हसले. मी म्हणालो, पाणीही नव्हतं. आणखी हसले, सरसावून बसले. मी सगळं सांगितलं. नळी, साय, विकलेली गाय, टोपी काढून उभा असलेला माणूस. मी माझ्या आयुष्यात इतकं हळू कधी बोललो नव्हतो. “दूध इतकं चांगलं होतं की यंत्र फसलं,” असं म्हणालो तेव्हा तर टाळ्याच पडल्या. मी म्हणालो, अहो, हे खरं आहे. एक काका रुमालाने डोळे पुसत शेजारणीला म्हणाले, “हा माणूस मसणातही हसवेल.” मी म्हणालो, मी त्या बाईची बदनामी केली, माधवची अवज्ञा केली, मला लाज वाटते. त्यावर कुणी हसलं नाही, पण चेहरे अजूनही तयारीत होते. पुढे काय येतंय याची वाट बघत होते. मी माइक खाली ठेवला. तेव्हा त्यांना वाटलं, गहिवर आला.

आणि माधव, तिथे उभं असताना मला एक भयंकर शंका आली. तिने विकली ती गाय एकच होती का? ते गृहस्थ बाजारात दोनदा गेले की तू नुसतं “पुन्हा गेले” म्हणाला होतास? टोपी तू सांगितली होतीस की ती माझी? मी इतकं पाणी घालत आलोय की आता मूळ काय होतं हे माझं मलाच सांगता येईना. ज्याला विचारायचं, त्याला तर आम्ही आधल्या आठवड्यात निरोप देऊन आलो होतो.

सभा संपल्यावर मी हॉलच्या मागच्या पँट्रीत गेलो. नलिनीवहिनी एकट्याच उरलेले सामोसे डब्यात भरत होत्या. त्यांना कुणी ते करू नका म्हटलं होतं, पण त्यांना हाताला काम हवं होतं. मी दाराशी उभा राहिलो. म्हटलं, “वहिनी, आज तरी बरोबर सांगितलं ना मी? दूधवालीचं? माधव असंच सांगायचा ना?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग दुसऱ्या बाजूने दाबून पाहिलं.

“मला नाही माहीत हो, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ती गोष्ट मी ह्यांच्या तोंडून कधी शेवटपर्यंत ऐकलीच नाही.”